मोबाइलमधलं भोक आणि अपडेटचं ठिगळ

(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आता आपल्या गटांत लहान पोरीलाही पाठ झालंय. म्हणूनच एका गटाच्या सचिव ताईंनी मला विचारलं, "मी ओटीपी सांगत नाही, अनोळखी लिंक दाबत नाही. मग हा मोबाइल सारखा ‘अपडेट करा, अपडेट करा’ म्हणून का मागे लागतो? नेट संपतं, जागा भरते, आणि अपडेट करून नवीन काही दिसतही नाही. नाही केलं तर काय बिघडतं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांब आहे, म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच देऊ. आणि सगळ्या अपडेटबद्दल न बोलता एकाच गोष्टीबद्दल बोलू, ती म्हणजे ब्राउझर.

ब्राउझर म्हणजे काय, तर ज्यातून आपण इंटरनेटवरची पानं उघडतो ते ॲप. बहुतेकींच्या मोबाइलवर तो क्रोम असतो, तो लाल, पिवळा, हिरवा गोल आणि मधे निळा ठिपका. सातबारा बघायचा, पोरीचा निकाल बघायचा, लाडकी बहीणची केवायसी करायची, की हाच उघडतो. कुणाकडे फायरफॉक्स असेल, कुणाकडे ओपेरा. संगणकावर एज असतो. नावं वेगळी, काम एकच.

आता या कामातली गोम बघा. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर तुम्ही दिलेल्या आकड्यांवर चालतं, कॅमेरा समोरचं टिपतो. ब्राउझर मात्र दिवसभर परक्यांच्या घरून सामान आणतो आणि आपल्या घरात उघडतो. एका पानात नुसती अक्षरं नसतात. चित्रं असतात, जाहिराती असतात, व्हिडिओ असतो, शिवाय पान हलतं-चालतं ठेवणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. तुम्ही एक पान उघडलंत तरी त्यातलं सामान दहा ठिकाणांहून आलेलं असू शकतं. हे सगळं ओळखून, सोडवून, नीट मांडून दाखवायचं म्हणजे ब्राउझर लाखो ओळींचा लिहावा लागतो. एवढं मोठं काम माणसांनी केलेलं, त्यात कुठेतरी टाका सुटतोच. सुटलेल्या टाक्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो, त्याला आपण आज भोक म्हणू.

नुसतं भोक, भोक म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून एक खरी घडलेली गोष्ट सांगते, २०२३ सालच्या सप्टेंबरमधली.

इंटरनेटवर चित्रं पाठवायची एक पद्धत आहे, तिला वेबपी म्हणतात. ती गूगलने २०१० मध्ये आणली. तिच्यात चित्र कमी जागेत मावतं, म्हणून ती सगळीकडे पसरली. तुम्ही व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचे आणि गणपतीचे स्टिकर पाठवता ना, तेही याच वेबपी पद्धतीचे असतात. चित्र कमी जागेत बसवायला त्यात एक जुनी युक्ती वापरतात, डेव्हिड हफमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५२ मध्ये मांडलेली. युक्ती अगदी आपल्या वापरातली आहे. गटाच्या वहीत ‘बचत’ हा शब्द दर ओळीला येतो, म्हणून आपण नुसतं ‘ब’ लिहितो. ‘अंतर्गत कर्ज’ कमी वेळा येतं, ते पूर्ण लिहितो. जे वरचेवर येतं त्याला छोटी खूण, जे क्वचित येतं त्याला लांब खूण. मग वही वाचणाऱ्याला एक यादी द्यावी लागते, ‘ब’ म्हणजे बचत, ‘ह’ म्हणजे हप्ता. वेबपी चित्रसुद्धा आपल्याबरोबर अशी खुणांची माहिती घेऊन येतं, आणि चित्र उघडणारा प्रोग्रॅम त्यावरून आपल्यापाशी एक तक्ता तयार करतो.

तो तक्ता मांडायला प्रोग्रॅमने जागा ठरवून ठेवली होती. हिशेब असा की, तक्ता कितीही मोठा झाला तरी याहून मोठा होणार नाही. नीट बनवलेल्या चित्राच्या बाबतीत तो हिशेब बरोबरच होता. पण कुणी मुद्दाम वाकडी यादी घालून चित्र बनवलं तर? तर तक्ता ठरलेल्या जागेच्या बाहेर जायचा. यादी वाकडी आहे हे प्रोग्रॅमला कळायचं, पण लिहून झाल्यावर. आधी ओतलं, मग मोजलं.

बाहेर गेलं तर काय होतं? तुमच्या स्वयंपाकघरातली फळी डोळ्यांसमोर आणा. डबे एकाला एक चिकटून मांडलेत, झाकणं नाहीत. डाळीच्या डब्यात मावते त्याहून जास्त डाळ ओतली की ती शेजारच्या डब्यात पडणार. मोबाइलची स्मरणशक्ती अशाच फळीसारखी असते. फरक इतकाच की शेजारच्या डब्यात तांदूळच असतील असं नाही. तिथे ‘आता पुढचं काम कोणतं करायचं’ ते सांगणारी चिठ्ठी असू शकते. चोर इतकं मोजूनमापून सांडतो की त्या चिठ्ठीवर त्याच्या मनासारखा मजकूर पडतो. मोबाइल बिचारा ती चिठ्ठी वाचतो आणि मुकाट्याने तसं करतो. त्याला काय माहीत, चिठ्ठी मालकिणीची की चोराची.

म्हणजे बघा, तुम्ही ओटीपी सांगितलेला नाही, कुठे अंगठा दिलेला नाही. नुसतं चित्र समोर आलं, एवढंच. सचिव ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपण सावध राहतो ती सावधगिरी दाबण्याच्या आणि सांगण्याच्या वेळची. हे भोक त्याच्या आधीच्या पायरीवरचं.

हे सापडलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. कॅनडात टोरांटो विद्यापीठात सिटिझन लॅब म्हणून एक अभ्यासगट आहे. लोकांच्या फोनवर कोण पाळत ठेवतं याचा ते शोध घेतात. अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या एका सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या व्यक्तीचा आयफोन त्यांनी तपासला, तर त्यात पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवल्याच्या खुणा सापडल्या. पेगासस म्हणजे एनएसओ या इस्रायली कंपनीचं. निरोपाबरोबर चित्रं आली होती आणि त्या व्यक्तीने काहीही न दाबता काम झालं होतं. ॲपलने ७ सप्टेंबरला आयफोनची दुरुस्ती काढली. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ६ सप्टेंबरला, ॲपलच्या सुरक्षा विभागाने आणि सिटिझन लॅबने मिळून गूगललाही कळवलं होतं की हे भोक तुमच्या वेबपीत आहे. गूगलने ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती काढली. फायरफॉक्सची १२ सप्टेंबरला आली. एजनेही त्याच सुमारास काढली. दुरुस्तीत केलं काय, तर आधी मोजायचं, जागा पुरेल तेवढी करायची, मगच ओतायचं.

पाच-सहा दिवसांत जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची धावपळ झाली, कारण वेबपी उघडायचा तो प्रोग्रॅम सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घेतला होता. एकाच गिरणीचं पीठ घरोघरी गेलं, आणि खडा गिरणीच्या जात्यातच होता. अँड्रॉइड फोनच्या ऑक्टोबर महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्येही ही दुरुस्ती घालावी लागली.

इंग्रजीत अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आपल्याला ठिगळाची लाज वाटायचं कारण नाही, गोधडी सगळी ठिगळांचीच असते आणि तीच ऊब देते. पण कंपनीने ठिगळ शिवलं म्हणजे आपल्या मोबाइलला ते लागलं असं होत नाही. ते लागतं अपडेट केल्यावर. नवीन काही दिसत नाही ही ताईंची तक्रार खरी आहे, कारण ठिगळ आतून लावलेलं असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. पुष्कळ जणींना वाटतं, दुरुस्ती निघाली म्हणजे धोका टळला, आता आपण सावकाश करू. खरं तर जी अपडेट करत नाही तिच्यासाठी दुरुस्ती निघाल्यावर धोका वाढतो. कसा? दुरुस्ती निघेपर्यंत भोक कुठे आहे ते फार थोड्यांना माहीत असतं. पेगाससवाल्यांसारखे जे असतात, ते आपली गुपितं जपून, मोजक्या माणसांवर वापरतात. पत्रकार, कार्यकर्ते, पुढारी असे त्यांचे लक्ष्य असतात. आपल्या गटाच्या चाळीस हजारांसाठी ते तसदी घेणार नाहीत. पण दुरुस्ती बाहेर पडली की कुणीही जुना प्रोग्रॅम आणि नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवून बघू शकतो. नवीन टाका कुठे घातला ते दिसलं, की जुनं भोक कुठे होतं ते कळलंच. वेबपीच्या बाबतीत त्याच सप्टेंबर महिन्यात अभ्यासकांनी भोकाचं बारीकसारीक वर्णन लिहून प्रसिद्ध केलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण वाचणारे सगळेच चांगले नसतात. तिथून पुढे भुरट्या चोरालाही वाट सापडते, आणि तो शोधत असतो न अपडेट केलेले मोबाइल. म्हणूनच गूगल अशा दुरुस्तीची बातमी देताना सांगतं की बहुतेक लोकांचं अपडेट होईपर्यंत आम्ही सगळा तपशील उघड करणार नाही. आणि २०२३ च्या ऑगस्टपासून क्रोमच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आठवड्याला एक अशा काढायला लागले, त्यामागेही हेच कारण, की शिवलेलं ठिगळ लावायला उशीर नको.

दर आठवड्याला काय भोकं पडतात, असं तुम्ही म्हणाल. पडत नाहीत, सापडतात. क्रोमच्याच मंडळींनी २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गंभीर चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका या स्मरणशक्तीच्या हाताळणीतल्या असतात, म्हणजे मघाच्या डब्यांच्या जातीच्या. ज्या जुन्या संगणकीय भाषेत हे प्रोग्रॅम लिहिलेत तिच्यात डब्यांना झाकण लावायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. आता हळूहळू झाकणवाल्या भाषा येताहेत, पण लाखो ओळी एका दिवसात बदलत नाहीत. भोक शोधून कळवणाऱ्याला या कंपन्या बक्षीस देतात, त्यामुळे पुष्कळ भोकं चोरांच्या आधी चांगल्या माणसांना सापडतात.

हे झालं कंपनीचं. आता आपल्या गावाकडे येऊ, कारण इथे एक अडचण आहे आणि ती शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

मोबाइल आपोआप अपडेट होतो असं सांगतात. होतो, पण बहुतेक मोबाइलवर प्ले स्टोअरची व्यवस्था अशी असते की आपोआप अपडेट वायफायवरच करायचं. मोबाइलचा डेटा वाचावा म्हणून तसं ठेवलेलं असतं. शहरात घरोघरी वायफाय आहे, रात्री मोबाइल चार्जिंगला लावला की काम होतं. आपल्या वस्तीवर वायफाय कुठून येणार? मोबाइल वायफायची वाट बघत बसतो, महिना जातो, सहा महिने जातात. ‘आपोआप होतं की’ म्हणून आपण निर्धास्त, आणि मोबाइलवर गेल्या दिवाळीचा क्रोम.

तर आपोआपवर विसंबू नका, हाताने करा. प्ले स्टोअर उघडा, वर शोधायच्या जागी क्रोम लिहा. क्रोमच्या नावापुढे ‘अपडेट करा’ असं बटण दिसलं तर ते दाबा. नुसतं ‘उघडा’ दिसलं तर त्या घडीला तुमच्या मोबाइलसाठी नवीन काही नाही. तसंच ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ हे नाव शोधा आणि तेही बघा. हे नाव कुणी ऐकलेलं नसतं. दुसऱ्या एखाद्या ॲपच्या आतल्या आत वेबपान उघडतं ना, ते दाखवायचं काम हा वेबव्ह्यू करतो. म्हणजे तोही परक्याचं सामान उघडणाराच.

डेटाचं काय? दररोजच्या पॅकमधला डेटा रात्री बारा वाजता वाया जातोच. झोपायच्या आधी उरलेला असेल तर त्यात हे बसतं. सगळी ॲप करायची नसतील तर नका करू, पण ब्राउझर, बँकेचं ॲप, पैसे पाठवायचं ॲप आणि व्हॉट्सॲप, या चौघांना उपाशी ठेवू नका. काही गटांना मी सुचवलंय की बैठकीच्या दिवशी जिच्याकडे डेटा शिल्लक असेल तिने हॉटस्पॉट सुरू करावा आणि हप्ते गोळा होईतो बाकीच्यांनी आपलं क्रोम बघून घ्यावं. हजेरी घेतो तशी ही एक नोंद. ज्या मोबाइलवर गटाच्या खात्याचा ओटीपी येतो, तो मोबाइल मात्र आधी. तो घरातल्या मुलाकडे गेममध्ये अडकलेला असेल तर मागून घ्या.

जागा भरली म्हणून अपडेट होत नसेल तर ब्राउझर काढू नका, व्हॉट्सॲपमधले सकाळचे फुलांचे व्हिडिओ काढा. जागा तेच खातात. (त्यातल्या स्टिकरांना जागा फारशी लागत नाही, त्यांना राहू द्या.)

अपडेट केलं आणि ब्राउझर दिवसेंदिवस उघडाच ठेवला, तर जुनाच चालू राहतो, हे विशेषतः संगणकावर होतं. ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात संगणक असतो, तिथे पंधरा पानं कायम उघडी असतात. नवीन क्रोम येऊन दाराशी बसलेला असतो, पण बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय तो आत येत नाही. वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके, त्यात मदत, त्यात ‘गूगल क्रोमबद्दल’ हे दाबलं की तो स्वतः शोधतो, उतरवतो आणि पुन्हा सुरू करायला सांगतो. केंद्रचालक दादाला हे करून बघायला सांगायला संकोच करू नका. तिथे तुमचं आधार आणि पासबुक स्कॅन होतं.

आता याच्या उलट बाजूची एक फसवणूक. अपडेट करा, अपडेट करा असं आपण सगळे सांगायला लागलो, तर चोरही तेच सांगतात. एखादं पान उघडताच मोठ्या अक्षरांत येतं, ‘तुमचा क्रोम जुना झाला आहे, ताबडतोब इथे दाबा.’ किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, कधी पीएम किसानच्या नावाने, कधी आरटीओच्या दंडाच्या नावाने. ती बसवली की तुमचे एसएमएस दुसरा वाचतो. खरं सांगायचं तर आपल्याकडे पैसे जातात ते जास्त करून याच वाटेने आणि फोनवर ओटीपी सांगितल्याने, ब्राउझरच्या भोकातून त्या मानाने कमी. म्हणून अपडेट केलं की आता काही होत नाही, असं कुणी समजू नये. खूण एकच ठेवा. खरं अपडेट तुम्ही स्वतः प्ले स्टोअर उघडून किंवा ब्राउझरच्याच मेनूत जाऊन करता. ते कुठल्या पानातून, निरोपातून किंवा फोनवरच्या साहेबाकडून येत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे वाटेतच अडवता यायचे असतील तर ते पहिल्या काही तासांतच जमतं.

शेवटचा प्रश्न जुन्या मोबाइलचा, आणि याचं उत्तर मला गोड करून सांगता येत नाही. मोबाइल चालतोय, काच धड आहे, बॅटरी दिवसभर जाते. पण कंपनीने त्याच्यासाठी ठिगळं शिवणं बंद केलेलं असतं. २०२३ च्या अखेरीस अँड्रॉइड ७ वर नवीन क्रोम मिळणं थांबलं. २०२५ मध्ये ८ आणि ९ वरही थांबलं. संगणकात विंडोज ७ असेल तर तिथे २०२३ च्या सुरुवातीपासूनच नवीन क्रोम येत नाही. अशा मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये ‘अपडेट करा’ दिसतच नाही, आणि बाईला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘फोनबद्दल’ बघा, तिथे अँड्रॉइडचा आकडा लिहिलेला असतो. जुना मोबाइल विकत घेताना दुकानदाराला रॅम आणि कॅमेरा विचारतो, त्याच्या आधी हा आकडा विचारा. दहाच्या खाली असेल तर स्वस्त आहे म्हणून घेऊ नका.

घरात आहे तोच मोबाइल जुना असेल आणि नवीन घेण्याची सोय नसेल, तर तो फेकायची गरज नाही. बोलायला, रेडिओ ऐकायला, पोरांच्या कविता लावायला तो चांगला आहे. त्यावरून बँकेची पानं उघडू नका, गटाचं खातं त्याला जोडू नका. शिल्लक बघायला आणि पैसे पाठवायला इंटरनेट लागतच नाही अशी *९९# ची सोय आहे, ती साध्या बटणाच्या फोनवरही चालते. मोबाइल क्रमांक तेवढा बँक खात्याला जोडलेला हवा. ती कशी वापरायची ते आपल्या बँक सखीला विचारा, तिच्यासमोरच एकदा शिल्लक बघून घ्या, आणि पिन मात्र तिलाही दाखवू नका.